दुसरा माणूस

आपत्तीत मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी उस्तादांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, फळ्यावर एक मोठा गोल काढला. म्हणाले, ही विहीर. गोलाच्या आत एक फुली मारली. हा माणूस. पाच मिनिटांपूर्वी खाली उतरला, आता आवाज दिला तर ओ देत नाही. वरून दिसतोय, तळाशी पडला आहे. तुम्ही काठावर उभे आहात. काय कराल?

आम्ही चाळीसेक जण शेडमध्ये सतरंजीवर बसलो होतो. जानेवारीतली सकाळ, हात अजून स्वेटरच्या बाह्यांत. तरी भराभर वर गेले. हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणारा एक दांडगा मुलगा म्हणाला, "मी उतरतो सर, लहानपणापासून विहिरीतच पोहतो." उस्तादांनी गोलात दुसरी फुली मारली. कोणी म्हणालं, तोंडाला ओला रुमाल बांधून उतरतो. तिसरी फुली. मागून एक मुलगी म्हणाली, एकट्यानं कशाला, दोघं मिळून उतरू. दोन फुल्या.

"पाच झाले," उस्ताद म्हणाले. "अजून कोणाला जायचंय?"

शेडमध्ये कोणी हललं नाही. मी हात वर केलाच नव्हता. उत्तर मलाही माहीत नव्हतं. पण ती विहीर माझ्या ओळखीची होती.

१९९४ चा मे महिना. मी सात वर्षांची, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेले होते. काटोल तालुक्यात मामाची संत्र्याची बाग. मे लागला की विहिरीचं पाणी तळाला जायचं आणि झाडं तर पाणी मागायची, म्हणून डिझेल इंजिन काठावरून काढून विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवायचे. यामागचं कारणही मला फार उशिरा कळलं. पंप पाणी खालून ओढतो तो हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि तो जोर प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पलीकडे पुरत नाही. पाणी त्याहून खाली गेलं की इंजिनालाच पाण्यामागे खाली जावं लागतं. त्या काळी गावोगाव हेच चालायचं. यात काही धोका आहे असं कोणाच्या मनातही नसायचं.

त्या दिवशी इंजिन सकाळपासून चालू होतं. दुपारी सालदार डिझेल टाकायला खाली उतरला आणि टप्प्यावरच आडवा झाला. वरून कोणीतरी ओरडलं, "गड्याला भोवळ आली!" मामा आंब्याखाली बाजेवर चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली तो आवाज मला अजून आठवतो. बशी उलटी पडली नाही, फुटली नाही. त्यानं ती नीट ठेवली आणि मग धावला. पायऱ्या उतरताना दिसला, मग दिसला नाही. त्याच्यामागे शेजारच्या शेतातले काका निघाले, तर त्यांच्या बायकोनं मागून त्यांच्या सदऱ्याला अशी मिठी मारली की दोघंही काठावर पडले. काका तिला शिव्या देत होते, सोड म्हणून. तिनं सोडलं नाही. ते काका आज ऐंशीच्या घरात आहेत.

मामा आणि सालदार, दोघंही संध्याकाळी वर आले, खाटेला बांधून.

नंतर कित्येक वर्षं घरात या घटनेला एकच नाव होतं: विहिरीनं घेतलं. काठावर नारळ फुटले, पुढच्या अक्षय्य तृतीयेला बकरा कापला गेला, जागा बाधिक आहे असं ठरलं. मामा मदतीला धावला म्हणून गावानं त्याला शूर म्हटलं, आणि तो होताही. सालदाराचं नाव मात्र हळूहळू कोणी घेईनासं झालं. तोही कामावर असतानाच गेला होता, त्याच्याही घरी लहान लेकरं होती. आजही मामाची आठवण निघाली की मी आवर्जून विचारते, आणि त्याच्या घरचे आता कुठे आहेत? कोणाला नीट सांगता येत नाही. हे मला लागतं.

त्या दिवशी शेडमध्ये उस्तादांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं नाही. लिहायची गरजच पडली नाही.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरतं त्याच्या दोनशेपटीहून जास्त ओढीनं या वायूला धरून बसतं. म्हणजे माणूस श्वास घेत राहतो, छाती वरखाली होत राहते, पण रक्त रिकामंच फिरतं. आधी डोकं जड होतं, मग पाय ऐकेनासे होतात, आणि आपल्याला काहीतरी होतंय हे कळण्याइतकं भान राहत नाही. उघड्या रानात हा धूर वाऱ्यावर निघून जातो. विहिरीत त्याला जायला वाट नसते. जिथे इंजिन नसतं तिथेही खूप दिवस बंद पडलेल्या, गाळ साचलेल्या विहिरीत, सेप्टिक टाकीत, गटाराच्या चेंबरमध्ये सडणाऱ्या गाळातून वायू निघतात, ऑक्सिजन कमी होतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली आला की वायू मोजायचं यंत्र ओरडू लागतं. माणूस ओरडत नाही, तो बसकण मारतो.

मी विचारलं, "आमच्याकडे कंदील सोडून बघतात, त्याचं काय?" उस्तादांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाले, कंदील विझला तर उतरू नये हे खरं. पण कंदील जळत राहिला म्हणजे उतरावं, हे खोटं. ज्योतीला फक्त ऑक्सिजन कमी झालेला कळतो. कार्बन मोनॉक्साइड असताना ती छान जळत राहते, आणि गाळातून मिथेन निघत असेल तर तीच ज्योत भडका उडवते.

ओल्या रुमालाचंही तसंच. रुमालानं काजळी अडते, वायू अडत नाही.

मग त्यांनी विहिरीचा गोल पुसला आणि काठावर चार फुल्या काढल्या. इंजिन चालू असेल तर बंद करता येतं का बघायचं, पण वरूनच. काठावरची गर्दी मागे हटवायची. १०१ किंवा ११२ ला फोन करायचा आणि फोनवर 'विहीर' आणि 'बेशुद्ध' हे दोन शब्द आधी बोलायचे, म्हणजे येणारी गाडी श्वासाचे सिलिंडर आणि विहिरीच्या तोंडावर मांडायची तिपाई घेऊनच निघते. खालचा माणूस शुद्धीवर असेल तर त्याला दोराचा फास सोडायचा. हवा खेळती करायला जे हाताशी आहे ते वापरायचं, धान उफणायचा पंखासुद्धा, पण त्या भरवशावर उतरायचं नाही. ज्याच्या पाठीवर सिलिंडर आहे आणि ज्याच्या अंगातल्या पट्ट्याचा दोर वर दोघांनी धरला आहे, त्यानंच फक्त खाली जायचं.

"पहिला माणूस अपघातानं मरतो," उस्ताद म्हणाले. "दुसरा आपल्या चांगुलपणानं मरतो. तुम्हाला बारा दिवस इथे बसवलंय ते त्या दुसऱ्या माणसासाठी."

चहाच्या सुट्टीत मी शेडच्या मागे जाऊन रडले. अठ्ठावीस वर्षांनी मला कळलं होतं की विहिरीत काही वाईट नव्हतं. मामाला हे सांगणारं कोणी नव्हतं, एवढंच होतं.

हे प्रशिक्षण आपदा मित्रांचं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ही योजना २०१६ मध्ये पूरप्रवण अशा ३० जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली, पुढे देशभरातल्या ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवायचं ठरलं. वय अठरा ते चाळीस, प्रशिक्षण बारा दिवसांचं. मी छत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर गेले. हिशेबनिसाचं काम करणाऱ्या बाईनं हे कशाला करावं असं आईनं विचारलं होतं. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, नुसती रजा टाकली.

जगात कितीतरी ठिकाणी आग विझवायला जाणारा माणूस पगारी नसतोच, हे मला आधी ठाऊक नव्हतं. जर्मनीत गावागावांतली अग्निशमन दलं स्वयंसेवकांची आहेत, मोठ्या शहरांत काय ती पगारी. चिली देशात तर सगळेच स्वयंसेवक. १८५१ मध्ये वालपराइसो या बंदरात पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हापासून तिथले सुतार, वकील, मास्तर भोंगा वाजला की काम टाकून निघतात. आपल्याकडे ती रीत नाही. आपल्याकडे बंब महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा, आणि खेड्यात बंब तालुक्याहून येणार. तो येईपर्यंतची वीस-पंचवीस मिनिटं जे कोणी तिथे हजर असेल त्याची. स्वयंसेवक म्हणतात तो खरं तर आपल्याकडे प्रत्येक अपघातात असतोच, गर्दीतला तो पुढे घुसणारा. फक्त त्याला कोणी काही शिकवलेलं नसतं.

आणि ही गत नागपुरात असावी याचं मला वाईट वाटतं. देशभरातले अग्निशमन अधिकारी शिकायला इथे येतात. ज्याला आमच्याकडचा कोणताही ऑटोवाला 'फायर कॉलेज' म्हणून ओळखतो ते राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयही १९५७ सालचं, इथलंच. त्या भिंतींवरून मी पंधरा वर्षं स्कूटी चालवत गेले. आत शिड्यांचे मनोरे दिसायचे, कधी शिट्ट्या ऐकू यायच्या. आत जे शिकवतात ते साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या माझ्या मामाच्या विहिरीपर्यंत पोहोचलेलं नाही, हा विचार कधी शिवला नव्हता.

बारा दिवसांत खूप काही झालं. सगळं सांगत बसत नाही. छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवायला शिकलो: मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. दोन मिनिटांत घाम फुटतो, म्हणून दोघांनी आळीपाळीनं द्यायचे. रिकाम्या तेलाच्या कॅनचा, सुक्या नारळांचा, थर्माकोलचा तराफा बांधायला शिकलो. आजारी माणसाला दोघांनी हातांची खुर्ची करून उचलायला शिकलो. यातलं अर्धं मी आता घरी आईला उठवताना वापरते.

मनात घर करून राहिला तो धुराचा दिवस. एका खोलीत धूर भरला होता आणि आतला पुतळा शोधून बाहेर आणायचा होता. उभं राहिलं की काही दिसत नाही, डोळे झोंबतात. गुडघ्यावर आलं की जमिनीलगत वीतभर बरी हवा असते. उजवा हात भिंतीवरून सोडायचा नाही, कारण धुरात दिशा राहत नाही, भिंत राहते. मी पुतळ्याजवळ पोहोचले आणि आनंदानं भिंत सोडली. मग दार सापडेना. सहा पावलांच्या खोलीत मी हरवले. उस्तादांनी हाताला धरून बाहेर काढलं आणि म्हणाले, "आता दोन पुतळे."

आमच्या तुकडीत एक परिचारिका होती, नवजात बाळांच्या विभागात काम करणारी. फारशी बोलायची नाही. त्या दिवशी तिनं विचारलं, काचेच्या पेटीतल्या बाळांना धुरातून कसं न्यायचं? सगळ्यांना एकदम भंडारा आठवलं. ९ जानेवारी २०२१ ची रात्र, जिल्हा रुग्णालयाचा नवजात विभाग, सात बाळं वाचली आणि दहा गेली, त्यातली बहुतेक धुरानं गुदमरून. नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर. उस्तादांनी त्या दिवशी जेवणाची सुट्टी पुढे ढकलली. आधी ऑक्सिजनची नळी बंद करायची, कारण तो आगीला पोसतो. जिना शोधत बसायचं नाही, त्याच मजल्यावरच्या दाराआडच्या पुढच्या भागात आधी हलवायचं आणि दार लावून घ्यायचं. पेट्या ओढत बसायचं नाही, बाळ उचलायचं. चादरीची झोळी गळ्यात बांधून एका वेळी दोन-तीन बाळं नेता येतात. तिनं तिथेच चादर मागून घेतली आणि पाण्याच्या बाटल्या झोळीत ठेवून, डोळे बांधून, शेडच्या भिंतीला धरून चालू लागली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही सगळे उभे राहून पाहत होतो. ती तीनदा चालली.

आणि गाठ. बोलाइन नावाची गाठ आहे, तिच्यावर माझा जीव जडला आहे. डाव्या हातात दोर धरायचा, एक छोटं वेटोळं करायचं, मोकळं टोक खालून त्या वेटोळ्यातून वर काढायचं, मुख्य दोराला मागून वळसा घालून पुन्हा त्याच वेटोळ्यातून खाली सोडायचं आणि ओढायचं. या गाठीचा फास भार पडला तरी आवळत नाही. माणसाच्या काखेखाली घातला तर बरगड्या दाबत नाही, आणि काम झालं की बोटांनी सुटतो. साधी सरकगाठ मारली तर तीच माणसाला कापते. मी ही गाठ बाल्कनीतल्या कपडे वाळवायच्या दोरीवर रोज घालायचे, भाजीला फोडणी दिल्यावर, फोनवर बोलताना, दिवे गेले की अंधारात. आता डोळे मिटून चार सेकंदांत होते.

उस्ताद म्हणायचे, दोर सगळीकडे एकसारखा वापरायचा नसतो. विहिरीत उतरणाऱ्याला दोर बांधल्याशिवाय सोडायचं नाही. वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याला दोर बांधायचा नाही. आम्ही पुन्हा बुचकळ्यात पडलो. पुरात जाणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. पण प्रवाहात पाय घसरला की बांधलेला दोर ताणला जातो, पाणी मागून जोरानं ढकलत राहतं आणि माणूस त्या ताणावर पाण्याखाली दाबला जातो. वरचे लोक जितकं ओढतील तितका तो खाली जातो. गाठ सोडायला हात पोहोचत नाही. म्हणून वाहत्या पाण्यात दोर हातात धरायचा, सोडता येईल असा.

हे मी वहीत दोनदा लिहिलं, तरी ते मला पटलं ते सप्टेंबरात.

२०२३ च्या २२ सप्टेंबरच्या रात्री नागपुरात जो पाऊस झाला तो इथल्या कोणाला सांगायला नको. मध्यरात्रीनंतर चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदी, जिला आपण एरवी नाला म्हणूनच ओळखतो, ती काठावरच्या वस्त्यांत शिरली. अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, पुढे सीताबर्डी, मोरभवनाच्या बसस्थानकात बसगाड्या पाण्यात. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. घराघरांत महालक्ष्म्या उभ्या, लोक पुरणपोळ्या जेवून गाढ झोपलेले, आणि तळमजल्यावर पलंगाखाली पाणी.

आम्हाला पहाटे फोन आला. अग्निशमन दल, राज्य आपत्ती प्रतिसाद दल, एनडीआरएफ, लष्कर सगळे उतरले होते. आम्ही त्यांच्या हाताखाली, गल्ल्यांच्या तोंडाशी. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. पाण्याचा रंग चहासारखा, वास गटाराचा आणि पेट्रोलचा, आणि आवाज मात्र घाटातल्या ओढ्यासारखा. शहराच्या मधोमध तो आवाज ऐकून पोटात गोळा आला. घोट्याच्या वरचं, वीतभर पाणीही जोरात असेल तर मोठ्या माणसाला पाडतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. कागदावर शिकलेला तो आकडा तिथे नडगीवर कळत होता.

एका गल्लीत पलीकडच्या इमारतीचा चौकीदार फाटकाच्या गजांना धरून उभा होता, छातीपर्यंत पाण्यात. वय पंचावन्न-साठ. कधीपासून धरून होता कोणास ठाऊक, बोटं पांढरी पडली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारच्या घरातला एक तरुण पाण्यात उतरायच्या तयारीत होता, कमरेला नायलॉनचा दोर करकचून बांधलेला, दुसरं टोक चार जणांच्या हातात. धिप्पाड, हाफ पँट, डोळ्यांत पाणी. तो चौकीदार लहानपणापासून त्याला शाळेच्या बसपर्यंत सोडायचा, हे मला नंतर कळलं.

मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "दादा, थांब. दोर सोड आधी."

"काऊन? वाहून जाऊ द्याचं का मंग त्याले?"

"तू बांधलेला असशील तर दोघं जाल."

त्यानं माझा हात झटकला. माझ्या अंगात लाइफ जॅकेट होतं, डोक्यावर हेल्मेट होतं, तरी मी त्याच्यासाठी कोण? एक बाई, जी त्याला थांबवत होती आणि पलीकडे माणूस बुडत होता. त्या क्षणी मला शेजारच्या काकूंची आठवण झाली, सदऱ्याला मिठी मारणाऱ्या. मी त्याला मिठी मारली नाही, पण त्याच्या कमरेच्या गाठीला हात घातला आणि ती सोडवायला लागले. गाठ सुटेना. ओल्या नायलॉनची आवळगाठ, तिला नख लागत नव्हतं. मी म्हटलं, "बघ, इथे कोरड्यात सुटत नाही. पाण्याखाली कोण सोडवील?"

तो थांबला. खाली वाकून त्यानं स्वतः ती गाठ ओढून पाहिली.

शेवटी चाकूनं कापावी लागली.

आमच्याकडे थ्रो बॅग होती, पिशवीत वीसेक मीटर दोर भरलेला. पिशवी फेकली की दोर आपोआप उलगडत जातो. मुख्य माणसानं फेकला तो पहिला दोर प्रवाहानं ओढून नेला. दुसरा चौकीदाराच्या वरच्या बाजूला पडला आणि वाहत त्याच्या छातीशी आला. त्याला ओरडून सांगितलं, हाताला गुंडाळू नका, छातीशी धरा, पाठीवर पडा. तो फाटक सोडायलाच तयार नव्हता. तास-दीड तास ज्या गजांनी जीव सांभाळला ते कोण सोडेल? मग तो तरुण ओरडला, "काका, मी हावो ना इकडे! सोडा!" त्या आवाजावर त्यानं हात सोडले. दोराच्या टोकाशी तो तरुण आणि आम्ही तिघं. प्रवाहानं त्याला कमानीसारखं फिरवून आमच्याच काठाला आणलं. दोर तिरका धरला की पाणीच माणसाला कडेला आणतं, हे शिकलो होतो, पण डोळ्यांनी पाहताना अंगावर काटा आला.

त्या तरुणानं दिवसभर आमच्यासोबत काम केलं. दुपारी मी त्याला एका कारच्या बॉनेटवर बसून बोलाइन शिकवली.

त्याच सकाळी एका तळमजल्याच्या घरात एक आजी होत्या. पाणी कमरेपर्यंत, आजी ओट्यावर बसलेल्या. आम्ही आधी मेन स्विच पाडून घेतला, बांबूनं समोरची जमीन चाचपली, अंगणातल्या चेंबरचं झाकण उडालेलं होतं ते तेव्हाच कळलं. आजी यायला तयार होत्या, पण एकट्या नाही. हॉलमध्ये महालक्ष्म्या उभ्या होत्या, कोठ्या पाण्यात, शालू भिजून काळे पडलेले, आणि वर पितळी मुखवटे कोरडे, हळदीकुंकवासकट. "आज बोळवण आहे माय," त्या म्हणाल्या. "अशा पाण्यात टाकून कशी येऊ? सासूच्या हातच्या आहेत." माझ्या सोबतचा मुलगा घाई करत होता, पाणी अजून चढत होतं. पण घाबरलेल्या माणसाला ओढून नेलं तर ते दारात चौकट धरून बसतं, आणि मग दोघंही अडकतात. मी मुखवटे उतरवले, त्यांच्याच कोरड्या टॉवेलात गुंडाळले आणि त्यांच्या मांडीवर दिले. मग आजींनी आपणहून हात पुढे केला. बोटीत त्यांनी एकदाही पाण्याकडे पाहिलं नाही. टॉवेलाची कड सारखी करत बसल्या होत्या.

मी त्या डिसेंबरात मामीकडे गेले. विहीर आता वापरात आहे, वर लोखंडी जाळी आहे, पाणी विजेच्या सबमर्सिबल पंपावर येतं. इंजिन शेडमध्ये गंजून पडलंय, मामीनं विकू दिलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, धुराचं, रक्ताचं, कंदिलाचं. तिला वाईट वाटेल अशी भीती होती. ती बराच वेळ संत्री सोलत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला तरास झाला नसंल?"

मी म्हटलं, "नाही मामी. झोप लागावी तसं."

तिनं मान हलवली. मग बादलीचा दोर आणला आणि ती गाठ दाखव म्हणाली. तिची बोटं संधिवातानं वाकडी झालीत. पहिल्यांदा टोक उलट बाजूनं गेलं, दुसऱ्यांदा वळसा राहिला. चौथ्या वेळी फास बसला. तिनं तो आपल्या काखेखालून घेतला, मला दुसरं टोक ओढायला लावलं आणि पायानं जोर देऊन पाहिला.

गाळ काढायला मेमध्ये माणसं येणार आहेत, पाच-सहा जण, वरूडकडची. काठावर उभं राहून त्यांना आधी दोर बांधायला लावायचे, दोघांना वर बसवायचं, आणि वायू मोजायचं यंत्र आमच्या गटाकडून त्या दिवसापुरतं मागून घ्यायचं, असं आमचं ठरलं. मामी म्हणाली, सालदाराची थोरली मुलगी कोंढाळीला दिली आहे असं ऐकलंय, तिलाही बोलावते. मी त्या आठवड्याची रजा आताच टाकून ठेवली आहे.